बाबा, तारखेला या

आई, बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा चिडतात आणि फोन आईच्या हातात येतो, म्हणून लिहून पाठवतेय. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव.

1 नोव्हेंबरला आपण सीमाभागातले मराठी लोक निषेध म्हणून काळा दिन पाळतो, त्या दिवशीच्या सायकल फेरीच्या केसची तारीख परत चुकली. बाबांचं उत्तर मला पाठ आहे, समन्स कन्नडमध्ये आहे, मी घेणार नाही, कोर्टात येणार नाही, काय करायचं ते करू देत. आणि परवा ती बेलारूसची बातमी बघून म्हणालात, ती बाई तरी कुठं कोर्टात गेली? बाबा, हे जुळत नाही हां.

ती स्वेतलाना तिखानोव्स्काया, तिथली विरोधी नेता, गेली नाही कारण गेली असती तर घरी परत आली नसती. 2020 ला तिच्या नवऱ्याला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या आधीच उचलला म्हणून ही उभी राहिली, मग हिलाच देश सोडावा लागला. नवऱ्याला 18 वर्षं. 2022 मध्ये तिथं कायदाच बदलला, माणूस परदेशात असला तरी खटला चालवायचा, आणि मार्च 2023 मध्ये हिला 15 वर्षं, तिच्या बाजूचा दुसरा नेता पावेल लातुश्का, त्याला 18. वकील सरकारनंच नेमलेला, त्यानं माझ्याशी संपर्कसुद्धा केला नाही असं ती सांगत होती. त्याच वर्षी परदेशातल्या वकिलातीत पासपोर्ट रिन्यू करून देणं पण बंद केलं, म्हणजे नवीन पासपोर्ट पाहिजे तर ये, आणि आलास की जेल! आई, तू तिच्या नवऱ्याचं विचारलं होतंस ना, दोन वर्षांहून जास्त त्याचं पत्र नाही की फोन नाही, शेवटी जून 2025 मध्ये सुटला.

आपल्याकडं पण गैरहजेरीत खटला चालवायचं कलम आलंय, बीएनएसएसचं, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या फौजदारी खटल्यांच्या कायद्याचं 356, 1 जुलै 2024 पासून. (त्याच दिवशी बेलारूसमधल्या मिन्स्कच्या कोर्टानं 20 अभ्यासकांना असंच त्यांच्या पाठीमागं शिक्षा ठोठावली, योगायोगच, पण मला तेव्हा कसंतरी झालं.) पण ते 10 वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फरारी घोषित केलेल्यांसाठी आहे, सायकल फेरीसाठी नाही. तुमच्यावर निघणार ते साधं वॉरंट, आणि ज्या काकांनी तुमचा जामीन घेतलाय त्यांना नोटीस जाणार. त्यांनी काय पाप केलंय?

आता खरं सांगायचं ते. त्याच कायद्यात 314 कलम आहे, जुन्या सीआरपीसीत पण होतं. साक्ष आरोपीला न कळणाऱ्या भाषेत झाली तर कोर्टानं ती त्याला समजणाऱ्या भाषेत सांगायची, पण केव्हा, तर आरोपी स्वतः कोर्टात हजर असेल तेव्हा. तुम्ही घरी बसलात तर सगळं कन्नडमध्ये होऊन जाईल आणि कोणी मराठीचा एक शब्द बोलणार नाही. तुम्ही समोर उभे राहिलात तर मी उठून म्हणणार, माझ्या अशिलाला मराठीत सांगा, आणि ते ऑर्डर शीटवर, म्हणजे कोर्टाच्या नोंदीत, येऊ दे म्हणून भांडणार. आयुष्यभर जे मागताय तेच की हे! 86 ला भुजबळ वेश बदलून बेळगावात आले आणि अटक झाले ते तुम्हीच रंगवून सांगता, ते तरी इथं येऊनच आत गेले ना.

पुढच्या तारखेला खानापुरातून सकाळची पहिली बस धरा, मी कोर्टाच्या गेटवर असते. त्या काकांना पण तुम्हीच फोन करा, मी नाही करणार. आई, बीपीच्या गोळ्या त्यांच्या खिशात ठेव, पिशवी ते कुठंतरी विसरतात.

तुमची,
ताई