‘स्पीशस’ म्हणजे नुसता ‘खोटा’ नव्हे

संपादक महोदय, स. न.

पस्तीस वर्षे इंग्रजी शिकवले. ‘स्पीशस’ (specious) या विशेषणाचा अर्थ विचारला की वर्गातली निम्मी मुले ‘ऐसपैस’ लिहीत, कारण ‘स्पेशस’शी (spacious) होणारा गोंधळ. तो एका अक्षराचा, लगेच सुधारता येतो. मला खरी चिंता दुसऱ्या चुकीची वाटते. अनुवादांत हा शब्द सर्रास ‘खोटा’ किंवा ‘लंगडा’ होऊन येतो. लंगडी सबब ऐकताक्षणी कळते. स्पीशस युक्तिवाद मात्र पटतो, आणि तिथेच फसगत होते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘देखणा’ असा आहे. इंग्रजीतही तो आधी त्याच अर्थाने वापरला जाई, पुढे ‘वरून देखणा, आतून पोकळ’ झाला.

‘आजोबा रोज विडी ओढत, तरी नव्वदीपर्यंत जगले, मग विडी वाईट कशी?’ हे वाक्य स्पीशस. यातली माहिती खरी असू शकते, बोलणाराही प्रामाणिक असतो. घसरतो तो निष्कर्ष.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: हेत्वाभास, म्हणजे कारणाचा नुसता आभास. न्यायसूत्रे या तर्कशास्त्रावरच्या प्राचीन ग्रंथात त्याचे ५ प्रकार सांगितले आहेत. डोंगरावरचे धुके धूर समजून ‘तिथे आग आहे’ म्हणणे, हा त्यातलाच नमुना. म्हणून ‘स्पीशस’ युक्तिवादाला ‘हेत्वाभासी’ म्हणावे, साध्या बोलण्यात ‘वरवर पटणारा’ चालेल. अनुवादकांनी आणि अग्रलेख लिहिणाऱ्यांनी एवढे जरूर करावे, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, सातारा