शाळेचे निरोप बंदरावरही लावा

आमच्या किनाऱ्यावरच्या प्राथमिक शाळेचे पालकसभा, आरोग्य तपासणी, स्नेहसंमेलन असे सगळे निरोप हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, तेही आदल्या रात्री. बाबा तेव्हा खोल समुद्रात, रेंजबाहेर. आई पहाटेच मासळीच्या लिलावाला निघते. मग सभेला येणार कोण? शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. त्यांची नावे कागदावर असतात, सभेची वेळ मात्र नेमकी बाजाराची! महिन्याचे कार्यक्रम आधी ठरवून बंदरावर, एसटी थांब्यावर, रेशन दुकानात लावावेत आणि सभा संध्याकाळी घ्यावी. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर असतात, शाळाही जूनमध्येच उघडते. वर्षातली पहिली पालकसभा तेव्हाच भरवा, बाबालोकही येतील.

– एक पालक, ता. दापोली, जि. रत्नागिरी