त्या 64 फाइलींच्या तारखा लावून देणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मिक्सिंगच्या दुकानात मी पहिल्यांदा आले, तेव्हा माझ्याकडे एक हार्ड डिस्क होती आणि दोनशे पानी वही. वहीत आईच्या ओव्यांचे 64 व्हिडिओ ओळीने लिहिलेले, प्रत्येकापुढे तारीख. तुम्ही पहिलं पान वाचलंत आणि विचारलंत, "ताई, ही तारीख कोणी लिहिली?" मी म्हटलं, मीच, माझंच अक्षर आहे. तुम्ही म्हणालात, "वहीतली नाही. फाइलमधली."

त्यानंतरचे चार रविवार तुम्ही दुकान बंद असताना माझ्यासाठी बसलात आणि पैसे घेतले नाहीत. तोंडावर आभार मानायला गेले तर तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र. ते उघड लिहितेय, कारण माझ्यासारखी घरच्या आठवणींची डिस्क पुढ्यात घेऊन बसलेली माणसं पुष्कळ असणार, आणि तुम्ही मला सांगितलंत ते त्यांच्याही कामी येईल.

आई ऑगस्ट 2019 मध्ये गेली. त्या वर्षी आमच्याकडे सण नव्हता. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, 27 ऑक्टोबरला, भाऊ आणि मी घरातले सगळे फोन, मेमरी कार्डं, डीव्हीड्या गोळा करून बसलो आणि आईचं जे जे सापडलं ते एका डिस्कवर ओतलं. पुढे क्रम लावायला घेतला, तर कॉम्प्युटरवर 'डेट क्रिएटेड' या रकान्यात चौसष्टच्या चौसष्ट फाइलींपुढे 27 ऑक्टोबर 2019. त्याच्या शेजारी 'डेट मॉडिफाइड' मात्र त्याआधीची. जन्माआधी बदल कसा झाला, हे मला कळेना.

तुम्ही समजावलंत ते अजून कानात आहे. 'क्रिएटेड' म्हणजे ही फाइल या डिस्कवर आली तो दिवस, आणि ती नोंद कॉम्प्युटरची. कॅमेऱ्याला त्याची खबरही नाही. कॉपी केली की ही तारीख नवी होते, बदलाची तारीख बहुधा जुनीच सोबत येते, म्हणून उलटा क्रम दिसतो. कॅमेऱ्यानं केलेली नोंद हवी असेल तर फाइलच्या पोटात बघावं लागतं. मग तुम्ही मीडियाइन्फो, म्हणजे फाइलच्या आतल्या नोंदी दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडलंत आणि पडद्यावर ती लांबलचक यादी आली: एन्कोडेड डेट, टॅग्ड डेट, रायटिंग अ‍ॅप्लिकेशन, कोडेक आयडी. मी घाबरले होते. तुम्ही म्हणालात, सातबारा पहिल्यांदा बघणारा माणूसही असाच घाबरतो, आपण एकेक रकाना घेऊ.

आणि नेमकी पहिली फाइल निघाली ती आईच्या शेवटच्या ओवीची. एन्कोडेड डेट, म्हणजे व्हिडिओ तयार झाल्याची तारीख: 1 जानेवारी 1904.

मला तर फाइल खराब झाली असंच वाटलं. तुम्ही शांतपणे विचारलंत, "तुमच्या आईची जन्मतारीख काय?" मी सांगितली, 1 जून. तुम्ही म्हणालात, "खरी?" खरी कुठली. शाळेत नाव घालताना तारीख कुणालाच ठाऊक नव्हती, गुरुजींनी 1 जून लिहून टाकली. गावातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. तुम्ही म्हणालात, 1904 चंही तसंच आहे. एमपीफोर आणि क्विकटाइम फाइलींत तारीख अशी लिहिलेलीच नसते, असतो तो सेकंदांचा आकडा, आणि तो मोजायला सुरुवात होते 1 जानेवारी 1904 च्या मध्यरात्रीपासून. जुन्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरांचं घड्याळ तिथून सुरू व्हायचं, तीच रीत पुढे आली. एखाद्या सॉफ्टवेअरनं फाइल नव्यानं बांधताना तो आकडा शून्यच ठेवला, तर वाचणाऱ्याला 1904 दिसतं. म्हणजे रकाना रिकामा आहे, एवढाच त्याचा अर्थ. (हाच आकडा जुन्या 32 बिटांच्या मापात ठेवला तर फेब्रुवारी 2040 मध्ये त्याची जागा संपते, हेही तुम्ही सहज सांगून गेलात. मी ते वहीत लिहून ठेवलंय.)

मग खाली रायटिंग अ‍ॅप्लिकेशनच्या रकान्यात 'लॅव्हएफ' आणि पुढे काही आकडे होते, त्यावर तुम्ही बोट ठेवलंत. हे फोनचं अक्षर नाही, एफएफएमपेग नावाच्या, व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरचं आहे, म्हणजे ही फाइल कुठल्या तरी अ‍ॅपमधून बाहेर पडलेली प्रत आहे. मूळ शोधा.

त्या एका वाक्यावर मी पुण्याला भाच्याकडे फोन लावला. दोन दिवसांनी त्याच्या जुन्या फोनच्या मेमरी कार्डात मूळ फाइल सापडली. तिच्यात तारीख होती: 11 मे 2019, वेळ 20:40. घरात पुन्हा वाद. 11 मे म्हणजे भाच्याच्या लग्नानंतरच्या गोंधळाची रात्र, हे बरोबर. पण रात्री पावणेनऊला तर पंगत चालली होती, मांडसुद्धा मांडला नव्हता, आणि व्हिडिओत मागे दिवटी विझत आलेली दिसते. माझी बहीण म्हणाली, ही तारीखही खोटी.

तुम्ही तारखेशेजारची तीन अक्षरं दाखवलीत: यूटीसी. ती जागतिक वेळ आहे, आपली तिच्यापुढे साडेपाच तास. 20:40 मध्ये साडेपाच तास मिळवा. 12 मेची पहाट, 2 वाजून 10 मिनिटं. बहीण गप्प झाली आणि मग रडायला लागली, कारण तिला ती वेळ आठवली. गोंधळी चहाला थांबले होते, सगळे पेंगत होते, आणि आई कुणी न सांगता भिंतीला टेकून गायला लागली होती.

एवढं झाल्यावर मी घरी जाऊन सगळ्या फाइलींत साडेपाच तास मिळवून वही नव्यानं लिहिली. पुढच्या रविवारी तुम्ही तीही तपासलीत आणि 2011 च्या दिवाळीच्या व्हिडिओवर थांबलात. तिथे नोंद 16:10, यूटीसी. माझ्या हिशेबानं रात्रीचे 9:40. तुम्ही चित्र थांबवून मोठं केलंत. आईच्या मागे भिंतीवर घड्याळ आहे, त्यात चार वाजून दहा मिनिटं, आणि उंबऱ्यावर ऊन. तुम्ही म्हणालात, नियमाप्रमाणे या रकान्यात जागतिक वेळ लिहायची असते, पण पुष्कळ कॅमेरे स्वतःच्या घड्याळातलीच वेळ तिथे टाकतात, आणि वाचणारं सॉफ्टवेअर नियम धरून पुढे यूटीसी लावतं. या कॅमेऱ्याच्या सगळ्या फाइली जशाच्या तशा ठेवा. हे कुठल्याही यादीत लिहिलेलं नव्हतं. आठ वर्षं त्या घड्याळाकडे मीही बघत होते, वेळ मात्र तुम्ही वाचलीत.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलींचं काम लवकर उरकलं. नावातली तारीख पाठवण्या-मिळण्याची असते, चित्रीकरणाची नव्हे, हे कळल्यावर मी त्या वेगळ्या काढल्या आणि नातेवाइकांकडून मूळ मागवल्या. अकरा मिळाल्या. बाकीच्यांपुढे वहीत मी 'प्रत' असं लिहिलंय आणि तारखेची जागा कोरी ठेवलीय. कोरी ठेवायला तुम्हीच शिकवलंत.

कॅसेटवरच्या तीन व्हिडिओंबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं. मी त्या मिनी डीव्ही कॅसेट्स 2014 मध्ये एका दुकानातून फाइली करून आणल्या होत्या, आणि त्यांच्यात तारीख होती ती 2014 चीच. तुम्ही म्हणालात, कॅसेट असेल तर घेऊन या. माळ्यावरून पत्र्याच्या डब्यातून आणली. तुम्ही तुमचा जुना कॅमेरा काढून कॅसेट लावलीत, एक बटण दाबलंत, आणि चित्राच्या कोपऱ्यात तारीख उमटली: 19 नोव्हेंबर 2006. या टेपवर प्रत्येक चित्राबरोबर तारीख-वेळ नोंदलेली असते, फाइल करताना ती मागेच राहून गेली होती.

त्याच फाइलींत आईचा चेहरा लांबट दिसायचा. मला ते बघवत नसे, कारण शेवटच्या आजारात तिचा चेहरा तसाच ओढला गेला होता, आणि 2006 मध्ये ती चांगली गोल चेहऱ्याची, ठणठणीत बाई होती. तुम्ही रकाना दाखवलात: 720 बाय 576 ठिपके. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत या ठिपक्यांचं चित्र चारास तीन या मापात दिसायला हवं, पण ठिपके चौकोनी धरले तर ते पाचास चार होतं. टेपवरचा ठिपका उंचीपेक्षा किंचित रुंद असतो, सोळास पंधरा. फाइल करताना ती नोंद गळाली आणि चित्र दोन्ही बाजूंनी दाबलं गेलं. चित्राला हात न लावता तुम्ही फक्त मापाची नोंद दुरुस्त केलीत. मिनिटभराचं काम. पुन्हा लावलंत, आणि आई आमच्या ओसरीवर जात्याचा खुंटा धरून बसलेली, तिच्या मूळच्या चेहऱ्यानं.

दादा, त्या मिनिटासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे आता एक्झिफटूल, म्हणजे फाइलींतल्या अशा नोंदी वाचायचं आणि बदलायचं सॉफ्टवेअर, तेही शिकतेय. कॅनडातल्या फिल हार्वे यांनी ते 2003 मध्ये लोकांना दिलं, आणि तेव्हापासून ते फुकट आहे, हे ऐकल्यावर तुमच्याच जातकुळीतलं आणखी एक माणूस भेटल्यासारखं वाटलं. मूळ फाइलींना हात लावत नाही. वेगळ्या डिस्कवर एक संच जसाच्या तसा ठेवलाय, बदल करायचे ते दुसऱ्या संचात, आणि ते मी केले अशी नोंद वहीत.

शेवटच्या रविवारी निघताना तुम्ही विचारलं होतंत, आवाजाच्या भाषेचा रकाना बघितलात का? बहुतेक फाइलींत तिथे 'यूएनडी' होतं, म्हणजे भाषा ठरवलेली नाही. काल रात्री दुसऱ्या संचातल्या चौसष्ट फाइली घेऊन बसले आणि एकेकीत तीन अक्षरं भरली, एम, ए, आर. गोंधळाच्या रात्रीची फाइल शेवटी ठेवली होती. ती मीडियाइन्फोत उघडली, आणि भाषेपुढे मराठी आलं.

तुमची,
ओव्यांची वही घेऊन येणारी ताई