अ‍ॅक्युपंक्चरच्या परवान्याआधी देखरेखीखालचे तास मोजा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अ‍ॅक्युपंक्चरचा परवाना देण्यासाठी किती शिक्षण पुरेसे मानावे, ही चर्चा बहुधा अभ्यासक्रम किती वर्षांचा आहे इथेच थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत वैद्यकीय पदवी नसलेल्यांसाठी २५०० तासांचे पूर्ण प्रशिक्षण सुचवले असून त्यांपैकी किमान १००० तास प्रात्यक्षिक आणि रुग्णसेवेसाठी राखले आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तर ३००० तासांची अट आहे, त्यांतले ९५० तास प्रत्यक्ष रुग्णसेवेचे, आणि त्यानंतर परवान्याची परीक्षा वेगळी.

रुग्णसेवेचे हे तास कमी करा, अशी सूचना अधूनमधून ऐकू येते. हा विषय शिकवणारा म्हणून मला ती धोकादायक वाटते. शरीरावर सुई टोचण्याच्या प्रमाणित ३६१ बिंदूंच्या जागा पाठ करता येतात. पण खांद्यावरच्या बिंदूत सुई किती खोल आणि कोणत्या दिशेने न्यायची, हे कृश आणि स्थूल रुग्णात वेगळे ठरते. तिथे खाली फुप्फुसाचे टोक असते. अंदाज चुकला, तर फुप्फुसाभोवती हवा शिरून ते आक्रसू शकते आणि अशी इजा पुस्तक वाचून टळत नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणारा रुग्ण, गर्भवती स्त्री, पेसमेकर बसवलेला माणूस, यांच्याबाबत हात कुठे आवरायचा, हेही अनुभवी शिक्षक शेजारी उभा असतानाच अंगवळणी पडते. निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुया आणि वापरलेल्या सुयांची विल्हेवाट ही शिस्त तर पहिल्या दिवसापासून लागायला हवी. त्याहून अवघड आहे ते, पाठदुखीमागे दडलेल्या गंभीर आजाराची शंका येताच सुई बाजूला ठेवून रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवणे. त्यासाठी शरीररचना आणि रोगनिदानाचा पाया पक्का लागतो.

म्हणून माझी मागणी अशी की, विद्यार्थ्याने देखरेखीखाली तपासलेल्या आणि उपचार केलेल्या प्रत्येक रुग्णाची, नाव गुप्त ठेवून, नोंदवही असावी, तिच्यावर शिक्षकाची सही असावी आणि परवान्याच्या अर्जासोबत ती जोडणे सक्तीचे करावे. ऑनलाइन घेतलेले तास सुईच्या प्रात्यक्षिकात धरू नयेत.

आपला,
अ‍ॅक्युपंक्चरचा एक शिक्षक