‘शिरोळ रोड’ वाचून दाखवणाऱ्या अण्णांना

ती. स्व. अण्णा,
सा. न.

पत्र उघडंच लिहितेय, कारण समोर बसून आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. मागं पेढे आणले तर ‘आधी चहा घे’ म्हणून बॉक्स बाजूला सारलात.

पणजोबांच्या अडत दुकानाचा माग काढायला तुमच्याकडं आले तेव्हा पिशवीत तीन चोपड्या होत्या. लाल कापडाच्या, कसर लागलेल्या, सगळ्या मोडी लिपीतल्या. डोक्यात मात्र एकच शब्द, जयसिंगपूर. त्या एका शब्दावर मी वर्षभर अडले होते. एका कचेरीत तर मान वर न करताच सांगितलं, ‘असलं काही नाही आमच्याकडं.’

तुम्ही भिंग लावलंत आणि एका ओळीवर बोट ठेवून वाचलंत, ‘गुळाचे रवे... शिरोळ रोड... मिरज.’ मी म्हटलं, शिरोळच्या रस्त्यानं बैलगाडीतनं नेले असतील. तुम्ही हसलात. ‘अगं, रस्ता न्हवं, ठेसन हाय ते!’ गाव आत, रूळ लांबनं गेलेले, म्हणून स्टेशनाच्या नावापुढं रोड. शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं तिथं जयसिंगपूर पेठ वसवली, ती मागनं. म्हणजे मी बारशाआधीच्या कागदात नाव हुडकत होते.

पानावर शके १८२९ होतं. ‘अठ्ठ्याहत्तर मिळव,’ म्हणालात. १९०७.

खरी किल्ली तुम्ही त्यानंतर दिलीत. रेल्वेचं दप्तर गावाच्या नावानं लागत नाही, कंपनीच्या नावानं लागतं. मिरज-कोल्हापूर मार्ग १८९१ साली सुरू झाला तो ‘कोल्हापूर स्टेट रेल्वे’ म्हणून, पण गाड्या चालवायची सदर्न मराठा रेल्वे. १९०८ मध्ये ती मद्रासच्या कंपनीत मिळाली आणि पाटी बदलून मद्रास अँड सदर्न मराठा झाली. आमची चोपडी नेमकी त्या सांध्यावरची, त्यामुळं दोन्ही नावांनी बघावं लागणार होतं. हे मला कुणी सांगितलं असतं?

१८८६च्या कोल्हापूर गॅझेटियरची, म्हणजे मुलखाची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाची, वीस पानं मी झेरॉक्स करून आणली होती. त्यात रेल्वे कुठनं असणार? मला वाटलं, पैसे पाण्यात. पण तुम्ही ती ठेवून घ्यायला लावलीत. गाडी यायच्या आधी बाजार कुठं भरायचे आणि माल कुठल्या वाटेनं जायचा, हे बघायला तीच लागतात. मग कोल्हापूर दरबारचं गॅझेट, म्हणजे हुकूम-नोटिसा छापणारं सरकारी पत्रक. २६ जुलै १९०२च्या अंकातला आरक्षणाचा हुकूम सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या गॅझेटातल्या बारक्या जाहीर नोटिसा कोण वाचतंय? तुम्ही वाचता. मीही आता वाचते, डोळे दुखेस्तोवर.

दुकानाच्या जागेचा सिटी सर्व्हेचा उतारा निघाला. नाव पणजोबांचं नाही, त्यांच्या धाकट्या भावाचं आहे, आणि त्यावरनं घरात थोडी धुसफूसही झाली. ती तुमच्या कानावर घालत नाही.

तिसऱ्या चोपडीतलं शेवटचं पान अजून लागत नाही. ‘हमाली’च्या पुढचा शब्द तुम्हालाही अडला होता. सोमवारी घेऊन येते. तुमचं भिंगही माझ्याच पिशवीत राहिलंय.

तुमची,
चोपड्यावाली