ठाण्याच्या चरईतल्या झेरॉक्सवाल्या दादांचे मनापासून आभार

दादा, नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून असं सगळ्यांसमोर लिहितेय. आम्ही त्या शनिवारी तुमच्या दुकानात नुसती एक प्रिंट काढायला आलो होतो, आई आणि मी, आईच्या फोन बिलाची पीडीएफ होती आणि ती पासवर्ड मागत होती.

आईचा प्लॅन ३९९ चा. १८ टक्के जीएसटी धरून ४७० रुपये ८२ पैसे व्हायला पाहिजेत, पण खात्यातून दर महिन्याला ५८७ रुपये ६४ पैसे जात होते. ऑटोपे असल्यामुळे सात महिने कोणाच्या लक्षातच आलं नाही. कंपनीच्या अ‍ॅपवर फक्त एकूण आकडा दिसतो आणि खाली पैसे भरायचं भलंमोठं बटण, आत काय काय लावलंय ते बघायला गेलं की ते गोल फिरत बसतं आणि शेवटी परत लॉगिन करा म्हणतं, मग ओटीपी, मग परत तेच. चॅटवर चार वेळा सगळं टाइप केलं, प्रत्येक वेळी "तुमची समस्या सुटली का" विचारतात, नाही दाबलं की पुन्हा पहिल्यापासून. गोखले रोडवरच्या त्यांच्या स्टोअरमध्ये गेले तर म्हणे बिलिंगचं आमच्याकडे नाही, ऑनलाइनच करा. कस्टमर केअरला एकदाचा माणूस लागला तर तो म्हणाला मॅडम तुमच्याच नंबरवरून अ‍ॅक्टिव्हेट झालंय, आणि फोन कट.

पैशाचं एक वेळ सोडा, पण ते ऐकल्यापासून आईने फोनच बाजूला ठेवला होता. माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल, तुम्हाला उगाच त्रास, असं रोज म्हणायची. पुण्याहून नातीचे फोटो यायचे तेही उघडायची नाही, चुकून अजून काही चालू होईल म्हणून. मला सगळ्यात जास्त राग त्याचा होता, अजूनही आहे.

तुमच्याकडे तेव्हा प्रोजेक्टवाल्या पोरांची गर्दी होती तरी तुम्ही आईला आधी स्टूल दिलंत. ईमेलच्या तळाशी बारीक अक्षरात पासवर्ड कसा बनवायचा ते लिहिलेलं असतं, ते तुम्ही शोधलंत, सातही महिन्यांची बिलं काढलीत आणि प्रत्येकावर त्या एका ओळीला लाल पेनाने गोल केलात. व्हॅल्यू अ‍ॅडेड सर्व्हिस, म्हणजे प्लॅनच्या वर लावलेली जादा पैशाची सेवा, ९९ रुपये, वर जीएसटी वेगळा. आणि मग माझ्याकडे न बघता आईशी बोललात, की मावशी, तुमचं काही चुकलेलं नाही, ट्रायचा, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, २०१३ पासूनचा नियम आहे, अशी सर्व्हिस चालू करायच्या आधी ग्राहकाचा दोनदा होकार घ्यावा लागतो, तो तुम्ही कधी दिलात हे त्यांनी दाखवायचं, तुम्ही नाही. आईचा चेहरा तेव्हा तुम्ही बघितलात की नाही माहीत नाही, मी बघितला.

अशा सर्व्हिस बंद करायचा १५५२२३ नंबर लावून ती सर्व्हिस तुम्ही तिथल्या तिथे, आईच्याच हातून बंद करून घेतलीत. तक्रार केली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही हे बजावलंत, आणि नाही ऐकलं तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत जायचं, त्याला फी नाही आणि ३९ दिवसांत त्यांना निकाल द्यावाच लागतो, हे सगळं एका बिलाच्या मागे लिहून दिलंत. इतक्या खेपांत कंपनीच्या एकाही माणसाने मला अपील असतं हेसुद्धा सांगितलं नव्हतं! पैसे घेतलेत फक्त प्रिंटचे.

तर सांगायचं म्हणजे पहिली तक्रार त्यांनी "सेवा ग्राहकाने घेतली आहे" लिहून बंद केली, मग तुमच्या त्या कागदावरून अपील केलं, सोबत लाल गोल केलेली बिलं जोडली, आणि होकाराचा पुरावा त्यांना काही देता आला नाही. सात महिन्यांचे ८१७ रुपये ७४ पैसे या बिलात वजा होऊन आलेत.

बिल आलं तेव्हा आईने स्वतः पासवर्ड टाकला, चष्मा लावून एकेक ओळ वाचली, आणि मग पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. तुमच्यासाठी तिने बेसनाचे लाडू केलेत. रविवारी दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं तेवढं कळवा, तिला स्वतः यायचंय.