ब्राउझर एक नको, दोन ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुना संगणक रखडू लागला की ‘कमी रॅम खाणारा एखादा हलका ब्राउझर टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल संपली. त्यानंतर जुनी यंत्रे आणखी काही वर्षे ओढू पाहणाऱ्या घरांत आणि छोट्या कार्यालयांत हा सल्ला जास्तच फिरतो आहे. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, हिशेब मात्र चुकतो.

क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी ही दुकाने पाच, पण माल एकाच गिरणीतला. साऱ्यांच्या पोटात गूगलच्या क्रोमियम प्रकल्पाचे ब्लिंक इंजिन, म्हणजे पान वाचून पडद्यावर मांडणारा भाग, आहे. ऑपेराने २०१३ मध्ये आणि एजने जानेवारी २०२० मध्ये स्वतःचे इंजिन सोडून तेच घेतले. त्याखेरीज खरोखर वेगळी म्हणावीत अशी मोठी इंजिने दोनच उरली: फायरफॉक्सचे गेको आणि सफारीचे वेबकिट. आपल्याकडच्या आयफोनवर तर क्रोम घ्या की फायरफॉक्स, आत वेबकिटच चालते. त्यामुळे एकाच संगणकावर यांच्या वेगात पडणारा फरक बहुतेकांना कळतही नाही. कळतो तो एक्स्टेंशनचा (ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रामचा), तीस-चाळीस उघड्या टॅबचा आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा. ब्राउझर बदलण्याआधी क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबावीत. कोणता टॅब, कोणते एक्स्टेंशन किती मेमरी आणि प्रोसेसर खाते याची यादीच समोर येते. दोषी बहुधा सर्वांत जास्त खाणाऱ्या पहिल्या तिघांतच सापडतो.

आता रॅमचा मुद्दा. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष जाहीर झाले. एकाच प्रक्रियेत (चालू प्रोग्रामच्या एकाच कप्प्यात) चालणाऱ्या दोन पानांपैकी एकाला दुसऱ्याची मेमरी चोरून वाचता येणे शक्य आहे, असे त्यातून दिसले. म्हणून त्याच वर्षी क्रोमच्या ६७ व्या आवृत्तीपासून प्रत्येक साइटला स्वतंत्र प्रक्रियेत कोंडण्यात आले. त्यासाठी १० ते १३ टक्के जादा मेमरी लागेल, हे गूगलने तेव्हाच सांगितले होते. फायरफॉक्सने २०२१ मध्ये हेच केले. म्हणजे आपण ज्या ‘खादाडपणा’ला नावे ठेवतो, त्यातला काही भाग बँकेचे पान आणि शेजारच्या टॅबमधले फुकट सिनेमाचे पान यांच्यामधल्या भिंतीचा खर्च आहे. एखादा ब्राउझर फारच कमी रॅम घेत असेल तर त्याने ही भिंत उभारली आहे की नाही, हे आधी विचारावे. ४ जीबीच्या यंत्रावर क्रोममध्ये सेटिंग्ज, परफॉर्मन्स येथे जाऊन मेमरी सेव्हर चालू करावा. वापरात नसलेले टॅब त्यामुळे झोपी जातात. जमल्यास हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवावी. कोणत्याही ब्राउझर-बदलापेक्षा तिचा गुण लवकर येतो.

सुरक्षेच्या बाबतीत नावापेक्षा दुरुस्ती किती दिवसांत पोचते ते पाहावे. ऑगस्ट २०२३ पासून क्रोमच्या सुरक्षा-दुरुस्त्या दर आठवड्याला येतात. क्रोमियमचा कोड उघडा असल्याने दुरुस्ती प्रसिद्ध झाली की भोक कुठे होते हे हल्लेखोरालाही वाचता येते. त्याच इंजिनावर बेतलेला एखादा लहान ब्राउझर ती दुरुस्ती तीन आठवड्यांनी घेत असेल, तर तेवढे दिवस त्याचे वापरकर्ते उघड्यावर. आणि दुरुस्ती आपोआप उतरली तरी ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होत नाही. लॅपटॉपचे झाकण नुसते मिटून ठेवणाऱ्यांकडे ती आठवडेच्या आठवडे पडून राहते. तीन ठिपके, हेल्प, अबाउट येथे जावे आणि ‘रीलाँच’ दिसले तर लगेच दाबावे. विंडोज ७ किंवा ८.१ असेल तर क्रोम जानेवारी २०२३ मधल्या १०९ व्या आवृत्तीवरच थांबलेले दिसेल. तिथे बँकेचे काम करू नये, एवढेच सांगता येईल.

माझ्या मते घरोघरी दोन ब्राउझर असावेत. पहिला पैशांसाठी आणि सरकारी कामासाठी, क्रोम किंवा एज, त्यात एकही एक्स्टेंशन नको. ‘सर्व साइट्सवरील माहिती वाचणे व बदलणे’ ही परवानगी घेतलेल्या एक्स्टेंशनला बँकेचे पानही दिसते. शिवाय लोकप्रिय एक्स्टेंशने विकली जातात, आणि नवा मालक पुढच्या अपडेटमध्ये काय घालेल हे आपल्याला कोणी कळवत नाही. दुसरा ब्राउझर बातम्या, व्हिडिओ, खरेदीसाठी, आणि तो फायरफॉक्स असावा. कारण साधे आहे. यूब्लॉक ओरिजिन हा जाहिरातरोधक तिथे पूर्ण ताकदीने चालतो. क्रोमने एक्स्टेंशनचे नियम बदलल्यापासून तिथे त्याची ‘लाइट’ आवृत्तीच उरली आहे. जाहिराती गेल्या की पाने हलकी होतात, आणि जो वेग आपण शोधत होतो तो असा मिळतो.

पत्त्याच्या पट्टीतल्या कुलपावर विसंबू नये. कुलूप म्हणजे मधल्या मार्गावर कोणी ऐकत नाही, इतकेच. पलीकडे चोर बसला असेल तरी कुलूप दिसतेच. याच गैरसमजामुळे क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते चिन्ह काढले. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जाण्यास सांगितले होते. हा पत्ता फक्त नोंदणीकृत बँकेलाच मिळतो. पण तो योग्य जागी आहे का ते पाहावे: पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या लगेच आधी. त्याच्यापुढे आणखी एक डॉट आणि भलतेच नाव असेल तर पान खोटे. पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेला असल्यास आणखी एक खूण मिळते. पत्ता एका अक्षराने जरी वेगळा असला तरी पासवर्ड आपोआप भरला जात नाही. तो भरला गेला नाही तर हाताने टाइप करू नये, आधी पत्ता वाचावा.

डिजिटल सहीचे टोकन (सही साठवलेली, संगणकाला जोडायची यूएसबी काडी) वापरणाऱ्यांची कुचंबणा वेगळीच. पानातूनच टोकनपर्यंत पोचणारे जावा ॲपलेट हे छोटे प्रोग्राम क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये बंद केले. तेव्हापासून पोर्टले संगणकावर एक मदतनीस प्रोग्राम बसवायला लावतात आणि पान त्याच्याशी बोलते. सही अडली तर तो प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू आहे का ते पाहावे. मग क्रोमने ‘स्थानिक नेटवर्कवरील उपकरणांशी संपर्क’ अशी परवानगी मागितली तेव्हा घाईत ‘ब्लॉक’ दाबले गेले नाही ना, हे तपासावे. ही विचारणा अलीकडच्या आवृत्त्यांत आली आहे. कोणावर विश्वास ठेवायचा हे सांगणाऱ्या प्रमाणपत्रांची फायरफॉक्स स्वतःची वेगळी यादी ठेवतो, म्हणून तिथे मदतनीसाला कधी कधी वेगळी मान्यता द्यावी लागते. अजूनही इंटरनेट एक्सप्लोररच मागणाऱ्या पानांसाठी एजमध्ये डिफॉल्ट ब्राउझर या सेटिंगखाली एक्सप्लोरर मोडला परवानगी देऊन पानाचा पत्ता नोंदवावा. ही नोंद ३० दिवसांनी गळून पडते. ‘काल चालत होते, आज नाही’ याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

मराठी वाचणाऱ्यांसाठी फायरफॉक्सची एक सोय फारशी कुणाला ठाऊक नाही. सेटिंग्ज, फॉन्ट्स, ॲडव्हान्स्ड येथे देवनागरी निवडून किमान आकार १६ किंवा १८ ठेवता येतो. इंग्रजी पाने आहेत तशी राहतात आणि मात्रा-उकारांसह मराठी मजकूर मोठा दिसतो. पानाने आपली भाषा मराठी अशी नोंदवलेली असेल तरच हे लागू होते, आणि बरीच मराठी पाने ती इंग्रजी अशी नोंदवतात!

शेवटची विनंती थेट आपल्यालाच, संपादक महोदय. पडद्याच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात व्हायरस’ असे उसळणारे इशारे बहुधा व्हायरस नसतातच. कधीतरी एखाद्या साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स येथे जाऊन अनोळखी नावे काढली की ते थांबतात. पण ‘अलाऊ’ दाबण्याची सवय लागते कुठे? बातमीची पहिली ओळ वाचण्याआधीच परवानगी मागणाऱ्या साइट्सवर, आणि त्यांत मराठी वृत्तपत्रांच्या साइट्सही आहेत. आपल्या साइटवर ही खिडकी वाचकाने स्वतः ‘सूचना हव्यात’ असे बटण दाबल्यावरच उघडावी.

आपला,
संगणक देखभालीचे काम करणारा एक वाचक, सातारा